भिंत मालकाची, गाडी भाडेकरूची

माझ्या ऑफिसमध्ये इलेक्ट्रिक कार परवडेल असे बरेच जण आहेत. तरी घेत नाहीत, कारण ते पुण्यात भाड्याने राहतात.

घरी चार्जर लावायचा तर आधी मालकाची परवानगी हवी, मग सोसायटीचं एनओसी. त्यानंतर मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबल, वेगळा एमसीबी, अर्थिंग. आणि हातात काय, तर ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. बाराव्या महिन्यात मालक म्हणाला, "मुलगा परत येतोय, फ्लॅट रिकामा करा," की चार्जर काढून नेता येईल. भिंतीतून नेलेली केबल तिथेच राहणार.

सरकारी मदत मात्र मालक डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात घरी चार्जर बसवणाऱ्या मालकांना मालमत्ता करात सवलत द्यायला पालिकांना उत्तेजन देण्याची गोष्ट होती. भाडेकरू मालमत्ता कर भरतच नाही, मग त्याला सवलत कशात मिळणार? दिल्लीने २०२० मध्ये पहिल्या ३०,००० चार्जिंग पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं, पण तेही उपकरणावर.

ब्रिटनने एप्रिल २०२२ मध्ये स्वतःच्या स्वतंत्र घरात राहणाऱ्या मालकांचं अनुदान बंद केलं आणि भाडेकरू व फ्लॅटधारकांसाठी वेगळं सुरू केलं: खर्चाच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ३५० पौंड. अडचण कुणाची मोठी आहे, एवढं तरी त्यांनी पाहिलं. तरी तिथेही घरमालकाची परवानगी लागतेच. म्हणजे नुसते पैसे देऊन हे सुटत नाही.

"कार परवडते त्याला मदत कशाला?" असं कुणी विचारेल. मग अटल सेतूवरची टोलमाफी कुणाला दिली? ती इलेक्ट्रिक कारवाल्यांनाच आहे, आणि त्यात पुढे तेच आहेत ज्यांच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचा मीटर आहे. शिवाय प्रश्न फक्त कारचा नाही. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून स्कूटर चार्ज करणारेही भाडेकरूच असतात. पावसाळ्यात ती वायर बघून धडकी भरते.

म्हणून अनुदान केबलला द्या. मीटरपासून पार्किंगपर्यंतचं वायरिंग इमारतीतच राहतं, त्यामुळे पैसे मालकाला किंवा सोसायटीला मिळाले तरी हरकत नाही. अट एकच: तिथे राहणाऱ्या भाडेकरूला ते वापरू द्यायचं. चार्जर ज्याचा त्याने आणावा आणि जाताना न्यावा. परवानगी नाकारायची असेल तर ठरावीक मुदतीत, कारणासह, लेखी नाकारावी. "कमिटीला विचारून सांगतो" हे उत्तर धरू नये.

केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. वीज आहे, गाडी आहे. मधल्या तीस-चाळीस मीटर वायरची जबाबदारी मात्र कुणीच घेत नाही, आणि आम्ही दर ११ महिन्यांनी सामान बांधून पुन्हा पेट्रोलच्या रांगेत उभे राहतो.