इशारा पुसून दोष जात नाही

संगणकाची प्रणाली अपडेट केली आणि पडद्यावर फर्मवेअर असुरक्षित असल्याचा इशारा आला, तर काय करावे याविषयी एक सल्ला हल्ली फार ठामपणे दिला जातो. सल्ला असा: अपडेटने मशीन बिघडवले आहे, बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही तपासूनच प्रोग्राम चालू देणारी सोय) बंद करा, यापुढचे अपडेट थांबवा आणि फर्मवेअरला हात लावू नका. कंपन्यांना नवी मशीन खपवायची आहेत, म्हणून त्या माणसांना घाबरवतात, हा या सल्ल्यामागचा सगळा विचार. यातला एकही उपाय मूळ दोषापर्यंत पोचत नाही. दोष नजरेआड करण्याची ही तीन साधने आहेत, आणि त्यांची किंमत सल्ला देणाऱ्याला मोजावी लागत नाही.

‘काल मशीन नीट चालत होते, रात्री अपडेट केले, सकाळी इशारा आला’ हा या पक्षाचा लाडका पुरावा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की कावळ्याला धरायचे, यापलीकडे त्यात काही नाही. उबुंटू या लिनक्स प्रणालीचे उदाहरण घ्या. उबुंटू 22.04 मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची 42 वी आवृत्ती होती. ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ हे पान ग्नोममध्ये आले 43 व्या आवृत्तीत, सप्टेंबर 2022 मध्ये. त्यामुळे 22.04 वरून थेट 24.04 वर गेलेल्या माणसाला ते पान आयुष्यात पहिल्यांदाच दिसते आणि तपासणी नापास झाल्याचे त्याला तिथेच कळते. दरम्यान मदरबोर्डवरच्या चिपमध्ये काय बदलले? काहीही नाही. त्या पानामागचे एफडब्ल्यूयूपीडी हे साधन मशीनला काही ठरावीक प्रश्न विचारते. सिक्युअर बूट चालू आहे का, टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आहे का, फर्मवेअर ज्या फ्लॅश चिपमध्ये असते तिच्यावर कोणालाही लिहिता येते की तिला कुलूप आहे, इंटेलचे मॅनेजमेंट इंजिन कारखान्यातल्या उत्पादन-अवस्थेतच तर राहिले नाही ना. चिपचे कुलूप आज उघडे सापडले, तर ते उबुंटूने उघडलेले नाही. बहुधा मशीन विकत घेतले त्या दिवशीही ते उघडेच होते. अपडेटने ते वाचून दाखवले, एवढाच त्याचा गुन्हा. आता सुचवलेल्या उपायाचे फळ पाहा. उबुंटू आणि फेडोरात सिक्युअर बूट बंद केले की त्याच्याबरोबर कर्नलचे लॉकडाउनही (चालू कर्नलमध्ये ढवळाढवळ रोखणारे बंधन) सुटते, म्हणजे नापास झालेल्या तपासण्यांत भर पडते. विंडोजमध्ये तर याहून वाईट. डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरची किल्ली सिक्युअर बूटच्या स्थितीशी बांधलेली असते. ती स्थिती बदलली की पुढच्या वेळी 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खाते वापरून विंडोज नव्याने बसवताना डिस्क आपोआप कूटबद्ध होते, आणि अनेक मालकांना याचा पत्ताही नसतो. खडवलीसारख्या लहान गावातल्या माणसाने असा सल्ला ऐकला, तर त्याला मशीन उचलून लोकलने कल्याण गाठावे लागेल, आणि ती रिकव्हरी की नसेल तर तिथला कसलेला कारागीरही त्याची कागदपत्रे परत मिळवून देऊ शकणार नाही.

विरोधकाच्या हातात एक खरा मुद्दा आहे, तो मान्य करतो. 13 ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटमधल्या एसबॅट या, जुने बूटलोडर नाकारणाऱ्या बदलाने विंडोज आणि लिनक्स शेजारी नांदवणाऱ्या अनेक मशीनवर लिनक्स सुरूच होऊ दिले नाही. अशा मशीनना हा बदल लागू होणार नाही असे आधी सांगितले गेले होते. ते खोटे ठरले, आणि कायमची दुरुस्ती यायला मे 2025 उजाडला. हा हलगर्जीपणाच. पण तेव्हाचा तोडगा नीट वाचावा: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, एसबॅटचे नवे धोरण काढून टाकायचे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे. यातली शेवटची पायरी गाळून पहिलीलाच इलाज म्हणणे ही लबाडी आहे. ग्नोमच्या पानाची सुरुवातीची भाषा घाबरवणारी होती हेही खरे, पण मार्च 2023 च्या 44 व्या आवृत्तीत ती सोपी करण्यात आली.

‘फॉरमॅट मारला की सगळे जाते’ ही दुसरी समजूत. 1998 साली पसरलेल्या सीआयएच विषाणूने 26 एप्रिल 1999 ला कित्येक मशीनचे बायोसच खराब केले. तिथे फॉरमॅट मारायला मशीन सुरू तर व्हायला हवे. 2018 मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघडकीस आणलेला लोजॅक्स हा घातक प्रोग्राम हार्ड डिस्क बदलली तरी टिकत असे, कारण तो फ्लॅश चिपमध्ये जाऊन बसे, आणि तिथे शिरायला त्याला तेच ढिले राहिलेले लेखन-कुलूप उपयोगी पडे. ज्या इशाऱ्याला बागुलबुवा म्हटले जाते तो याच कुलपाविषयी आहे. अपडेट थांबवण्याचा वादही नवा नाही. 2017 मध्ये तो हिरिरीने झाला होता. वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम 12 मे 2017 ला पसरला, त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या छिद्राची दुरुस्ती 14 मार्चलाच मिळत होती. पुढे 27 जूनच्या नॉटपेट्याने हेच छिद्रही वापरले, बूट रेकॉर्डवर ताबा मिळवला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तो मुळात शिरला एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या दूषित अपडेटमधून, हे मी लपवत नाही. म्हणूनच अपडेटची सही तपासणारी व्यवस्था हवी, आणि विरोधक नेमकी तशीच एक व्यवस्था, सिक्युअर बूट, बंद करायला सांगतो.

खडवलीतल्या मशीनवर कोण हल्ला करणार? हल्ला करणारा प्रोग्राम पत्ता विचारत नाही. वीज गेली तर? ही शंका रास्त आहे. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून लॅपटॉप चार्जरला लावून आणि बॅटरी भरून घेऊनच हे काम करावे. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वादळी पावसाच्या दिवशी ते करूच नये.

मग करायचे काय? इशारा उघडून नेमके काय नापास झाले ते पाहावे. सिक्युअर बूट किंवा टीपीएम नुसतेच बंद असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवून ते बायोसमधून चालू करावे. चिपचे कुलूप किंवा मॅनेजमेंट इंजिनाचा दोष असेल तर उत्पादकाचे नवे फर्मवेअर शोधावे. लिनक्सवर अनेक मशीनसाठी ते लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिसमधून मिळते. मेमरी कूटबद्ध नाही अशी तक्रार असेल आणि हार्डवेअरला ते जमतच नसेल, तर तेवढी तक्रार सोडून द्यावी, त्यासाठी नवे मशीन घेण्याची गरज नाही. सिक्युअर बूटच्या 2011 सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून 2026 पासून संपत जाते. नवी प्रमाणपत्रे न घेतलेली मशीन चालतील, पण बूट होण्याच्या टप्प्यासाठीच्या पुढच्या दुरुस्त्या त्यांना मिळणार नाहीत, आणि ही प्रमाणपत्रे मुख्यतः अपडेटमधूनच येतात. उत्पादकांना जाब विचारायचा असेल तर इथे विचारावा: मशीनला फर्मवेअर किती वर्षे पुरवणार हे त्यांनी खोक्यावर छापावे, आणि जुने लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराने शेवटच्या फर्मवेअरची तारीख पावतीवर लिहून द्यावी.