आधी ग्रामसभेला विचारा
(गोव्याच्या नगर नियोजन मंत्र्यांना खुले पत्र)

माननीय मंत्रिमहोदय,



सड्यावर जेसीबी चढला की मग गावात विचारपूस सुरू होते. कुणाचं भाट विकलं, किती फ्लॅट येणार, परवाना कुणी दिला? तोवर कागदावर ऑर्चर्ड झोनचा सेटलमेंट झोन झालेला असतो. बार्देशात, तिसवाडीत, सासष्टीत हे इतकं नेहमीचं झालंय, की आता पुढची पाळी कुठल्या गावाची, एवढंच लोक विचारतात.

नोटीस दिली होती, असं तुम्ही म्हणाल. नगर नियोजन कायद्याचं 39अ कलम झोन बदलण्याआधी लोकांच्या सूचनांसाठी तीस दिवस देतं, हे खरं. पण नोटिशीत सर्व्हे नंबर आणि चौरस मीटर असतात. तिथे किती बिऱ्हाडं येणार आणि त्यांना पाणी कुठून मिळणार, हे त्यावरून कुणाला कळायचं? आणि शेतात राबणारा माणूस राजपत्र चाळत बसत नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो. जांभ्याचा सडा उन्हाळ्यात उघडाबोडका दिसतो, म्हणून त्याला पडीक समजतात. पावसाळ्यात तोच पाणी पितो. दगडातून झिरपलेलं ते पाणी पायथ्याच्या झरींना, विहिरींना पुढे कित्येक महिने पुरतं आणि त्यावर खाली वायंगणाचं भात पिकतं. सडा कापून काँक्रीट ओतलं, की पावसात लाल गढूळ लोंढा वाड्यावर येतो आणि एप्रिलात विहीर तळ गाठते. शिवाय शेकडो फ्लॅटांच्या सेप्टिक टाक्या त्याच सच्छिद्र दगडात. डोंगरकापणीला आळा घालणारं 17अ कलम तुमच्याच कायद्यात आहे, पण ते कागदावर राहून काय उपयोग?

घरांना आमचा विरोध नाही. गावातल्या पोरांना गावात जागा परवडत नाही, हे आमचंच दुखणं आहे. पण हे फ्लॅट त्यांच्यासाठी बांधले जात नाहीत. 2011च्या जनगणनेतच गोव्यात लाखाहून जास्त घरं रिकामी निघाली होती. आणखी कुलपं कशाला?

गावाला विचारणं जमत नाही, असंही नाही. गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर 2007 साली सरकारला 2011पर्यंतचा प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला. वास्तुविशारद चार्ल्स कुरैया ज्यात होते त्या कृती दलाने पुढचा आराखडा केला, तेव्हा नकाशे पंचायतींकडे आले आणि ग्रामसभांनी ते तपासले. तो आराखडा निर्दोष होता असं कुणीच म्हणणार नाही. तरी त्याला गावाचा हात लागला होता, आणि आता एकेका सर्व्हे नंबराने तो पोखरला जातोय. असे बदल करू देणारे 17(2) कलमाखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025मध्ये रद्द केले. खात्याला तेवढा इशारा पुरायला हवा होता.

आमची मागणी एकच आहे. झोन बदलाचा अर्ज आला, की तिथे जास्तीत जास्त किती घरं होऊ शकतात तो आकडा आणि पाणी, सांडपाणी, रस्ता यांचा हिशेब घेऊन तो अर्ज आधी ग्रामसभेपुढे ठेवा. ग्रामसभेने नाही म्हटलं, तर अर्ज तिथेच फेटाळा.

आपला,
बार्देशातला एक गावकरी