बेंटेक्स उघड, घड्याळ लपवून

लग्नात एखादीच्या पाटल्यांचं कौतुक करा. ती लगेच सांगते, "बेंटेक्सच्या आहेत गं, खऱ्या घालून लोकलने कोण येणार?" तिला त्यात कमीपणा वाटत नाही. तिच्याच मुलाला मनगटावरचं घड्याळ कुठून घेतलं ते विचारलं, तर तो विषय बदलतो. घड्याळ फर्स्ट कॉपी असतं, म्हणजे महागड्या ब्रँडची हुबेहूब नक्कल. पाटल्या कुणाचं नाव सांगत नाहीत, घड्याळ मात्र दुसऱ्याच्या नावाने बोलतं. लाज त्या नावापाशी आहे.

मुंबईत आमच्या मरोळला खऱ्या-खोट्याची पारख नवी नाही. शेजारी 1973 पासूनचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र. तिथे कारागीर हिऱ्यांचे दागिने घडवतात आणि ते परदेशी दुकानांत जातात. एमआयडीसीत भारतीय मानक ब्युरोचं 'मानकालय' आहे. सोन्यावरचा हॉलमार्क याच ब्युरोचा. तो 2021च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडीही लागतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिन्याची शुद्धता कळते. इथे पैसे धातूचे मोजायचे असतात, म्हणून तपासणीला अर्थ आहे. महागड्या बॅगेत चामडं किती रुपयांचं, हे कुणी विचारत नाही. तिथे किंमत मोजायची ती बघणाऱ्याच्या नजरेची.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञाने 1899 सालीच लिहिलं होतं, की ऐपत दिसावी म्हणूनही माणसं खर्च करतात. पण त्याच्यासमोर होते ते सुखवस्तू लोक. मरोळच्या चाळीतून अंधेरी-कुर्ला रोडवरच्या काचेच्या इमारतीत नोकरीला जाणाऱ्या पोराला मिरवायचं नसतं. मीटिंगमध्ये आपलं बोलणं पुरतं ऐकून घेतलं जावं, एवढीच त्याची इच्छा असते. मनगटाकडे पाहून माणूस जोखणाऱ्यांनी त्याला ते घड्याळ घ्यायला लावलं, आणि नक्कल म्हणून हसतात तेही तेच. या हसण्याचा मला मनापासून राग येतो.

पण म्हणून नकलेचा धंदा योग्य ठरत नाही. 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटा ब्रँड लावून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. 'फर्स्ट कॉपी' असं सांगून विकलं तरी सुटका नाही. स्वतःसाठी एखादी वस्तू घेणाऱ्याला मात्र या कलमांत शिक्षा नाही, आणि ते मला पटतं.

चोरी फक्त गरीबच श्रीमंताची करतो असंही नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने हुबेहूब कोल्हापुरी वाटावी अशी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कोल्हापुरीला 2019 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं. इकडे संताप उसळल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं कबूल केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून 2,000 जोड करून घ्यायचे, जोडाची किंमत सुमारे 800 युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या पुढे. फर्स्ट कॉपीवाल्या पोराला आपण जितक्या सहज खोटा म्हणतो, तितक्या सहज त्या पहिल्या चपलेला कुणी नक्कल म्हटलं नाही. आता त्या जोडावर प्राडाच्या नावाशेजारी चप्पल घडवणाऱ्याचंही नाव असावं, आणि 800 युरोंतले किती त्याच्या घरी पोचले तेही जाहीर व्हावं.