काचेतला समुद्र आणि नवे पाहुणे

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. समुद्रातील रंगीत मासे आपल्याकडील कित्येकांनी प्रथम पाहिले ते तेथेच. त्या मत्स्यालयाच्या दारापुढेच समुद्र होता. सौंसर, इंदूर वा जबलपूर येथील हौशी गृहस्थास मात्र तो घरातच घडवावा लागतो. म्हणून या छंदाच्या आरंभी एकच गोष्ट सांगावीशी वाटते: मासे एकदम आणू नयेत.

पाण्यात मीठ मिसळले की समुद्र झाला, ही समजूत अपुरी आहे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार हे प्रमाण सागरी क्षारांच्या तयार मिश्रणाने साधते. पण समुद्राची स्वच्छता त्याने साधत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. अथांग सागरात तो विरून जातो. पेटीत साचतो आणि त्याच कल्ल्यांना घातक ठरतो. त्याचा निचरा करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही त्या नायट्राइटचे पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात. दगडांवर, वाळूत आणि गाळणीत त्यांची वस्ती असते.

गृहिणींना हे सहज उमगेल. विरजण घातल्याबरोबर दही लागत नाही. वेळ द्यावा लागतो. नव्या पेटीत ही वस्ती स्थिरावण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तिची वाढही मिळणाऱ्या अन्नाच्याच बेताने होते. दोन मासे असतील तर दोघांपुरते जीवाणू. त्यात एके दिवशी आणखी सहा मासे सोडले, तर वस्ती वाढेपर्यंत पाणी दूषित होते आणि नव्यांबरोबर जुने, सुखाने नांदणारे मासेही दगावतात. यास्तव एका वेळी एक वा दोनच लहान मासे सोडावेत. पुढे दोन-तीन आठवडे थांबून पाणी तपासावे आणि अमोनिया व नायट्राइट शून्य आढळल्यावरच पुढच्यांचा विचार करावा.

नवा मासा प्रथम सुमारे चार आठवडे निराळ्या पेटीत ठेवणे श्रेयस्कर. अंगावर पांढरे ठिपके उठविणारा परजीवी मुख्य पेटीत शिरला, तर तो सहजासहजी हटत नाही. नागपुराहून आणलेली पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, मग पेटीतील पाणी तिच्यात थोडे थोडे मिसळावे आणि शेवटी मासा तेवढा जाळीने उचलून घ्यावा. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. आमच्या भागातील वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हाळ्यात तर नवा मासा आणूच नये. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मृगाच्या सरी येईपर्यंत धीर धरावा.

क्रमही महत्त्वाचा. डॅमसेल मासा दिसावयास चिमुकला, पण स्वभावाने भांडकुदळ. तो आधी आला तर सारी पेटी आपलीच मानतो. वर्गात पहिल्या दिवशी बाक बळकावणाऱ्या मुलासारखाच हा प्रकार! म्हणून सौम्य मासे आधी, तापट शेवटी. नव्याच्या आगमनापूर्वी दगडांची मांडणी किंचित बदलली, तर जुने हक्कही सैल पडतात.

यात केवळ हौसेचा वा पैशाचा प्रश्न नाही. सागरी शोभिवंत माशांपैकी पुष्कळसे आजही प्रवाळभित्तींवरूनच पकडले जातात. आपल्या उतावळेपणाने मेलेल्या माशाची जागा भरावयास समुद्रातून दुसरा उचलला जातो. समुद्रघोडे व प्रवाळ यांना तर २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोणी विकू लागला तरी ते घेऊ नयेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास टाक्यांत करून दाखविली आहे. आरंभ करावयाचा तर अशा पैदाशीच्या जोडीनेच करावा आणि पाणी होय म्हणेपर्यंत तिसरा मासा आणू नये.