दरजेतला मळ कोणाचा?

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला टाइल्स बसवून झाल्या की त्यांच्यामधल्या दरजा कोणत्या रंगाने भरायच्या, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी चर्चेला घ्यावा इतका मोठा आहे काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. या प्रश्नाला दुकानदार, गवंडी, शेजारी आणि नातेवाईक एकमुखाने एकच उत्तर देतात : 'मळ दिसणार नाही असा रंग घ्या.' जे वाक्य सगळेच बिनदिक्कत उच्चारतात त्याची तपासणी करणे हे आपले कामच आहे. हे वाक्य निरागस नाही. कोराडीत तर मुळीच नाही. त्यातला 'मळ' कोणाचा आणि 'दिसणार नाही' म्हणजे कोणाला, असे दोन प्रश्न त्यात दडलेले आहेत.

आधी शब्दाचे पाहू. दुकानात ज्या पुडीवर 'ग्राउट' असे लिहिलेले असते, तिच्याने जे भरायचे त्याला मराठीत 'दरज' म्हणतात. शब्द फारसीतला, शिवणीचा. कपडे शिवणारा दर्जी याच शब्दातून आला. म्हणजे दरज ही भेग नव्हे, ती शिवण आहे. टाइल्स मापाने तंतोतंत सारख्या नसतात, भिंत तापते आणि निवते, म्हणून दोन-तीन मिलिमीटरची जागा ठेवावीच लागते. ती न ठेवल्यास टाइल्स पुढेमागे फुगून सुटतात. तरीही आपल्याला दरज हा दोष वाटतो आणि तो लपवण्याकडे आपला कल असतो. यात नवल नाही. 'एकसंध' आणि 'एकजीव' ही विशेषणे आपण वर्गात प्रशस्तिपत्रासारखी वाटत आलो आहोत; सांधा दिसला की कृती फसली, हा संस्कार समीक्षेतून ओट्यापर्यंत पोचलेला आहे.

लपवण्याचे मार्ग दोन : पांढरा आणि राखाडी.

पांढऱ्याचा पक्ष स्वच्छतेची भाषा बोलतो. रोगजंतूंचे शास्त्र रुजल्यावर पाश्चात्त्य शहरांतील रुग्णालये आणि स्नानगृहे पांढऱ्या चकचकीत टाइल्सनी मढू लागली. १९०४ साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची स्थानकेही तशीच सजली. या झगझगीत पांढरेपणाबद्दलची नापसंती जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली 'इन प्रेज ऑफ शॅडोज' या निबंधात नोंदवून ठेवली आहे. पण तानिझाकींचा आक्षेप सौंदर्यदृष्टीचा होता. आमचा श्रमाचा आहे. सिमेंटची दरज सच्छिद्र असते आणि फोडणीचे तेल ती पिते. त्या तेलातली हळद साबण किंवा सोड्याशी गाठ पडताच तांबूस होते. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या समाजाला हे रसायन नव्याने सांगायला नको. म्हणजे डाग काढायला जावे तो आणखी रंगतो. मग जुना दातांचा ब्रश घेऊन त्या पांढऱ्या रेघा कोण घासत बसते? बहुतेक घरांत, पांढरा रंग पसंत करणारा माणूस आणि घासणारी बाई या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. पांढरी दरज ही पाहुण्यांसाठी केलेली घोषणा असून तिचे देयक घरातली बाई भरते.

म्हणून व्यवहारी माणसे राखाडीकडे वळतात. खरा वाद इथे सुरू होतो. मराठीत हा रंग राखेच्याच नावाने ओळखला जातो. अन्यत्र हे निव्वळ व्युत्पत्तीचे कुतूहल ठरेल, पण कोराडी म्हणजे १९७४ पासून कोळसा जाळून वीज निर्माण करणारे गाव. जुने लहान संच एकामागून एक बंद होत गेले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन संच सुरू झाले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, अनेकदा तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात. त्यामुळे विजेबरोबर राखही अखंड निर्माण होते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. अशा गावात 'मळ दिसत नाही म्हणून राखाडी घ्या' असा सल्ला देणे म्हणजे राख दिसू नये म्हणून राखेचाच रंग भिंतीला देणे होय. भाषेने सत्य सांगितले आहे. आपण ते ऐकत नाही, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, राख काय सगळीच वाईट असते? नसते. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख मिसळण्याची मुभा भारतीय मानकांनी दिली आहे. विटांत आणि बांधकामात राख वापरली जावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचनाही काढली. भिंतीच्या गिलाव्यात बांधली गेलेली राख उपयोगाला आली असे आम्हीही म्हणू. आमचे भांडण मोकळ्या राखेशी आहे, जी वाऱ्यावर येते, तेलकट दरजेच्या कडेवर बसते आणि श्वासातही जाते.

आता राखाडीच्या समर्थकांनी एक साधी गोष्ट तपासून पाहावी. फिकट राखाडी दरजेवर हळदीचा पिवळा आणि सावजी रश्श्याचा तांबडा डाग लपत नाही. उलट उठून दिसतो. लपते ती फक्त करडी धूळ. म्हणजे हा रंग आपल्या चुलीचा मळ उघडा पाडतो आणि बाहेरून आलेला मळ पोटात घालतो. घरच्या बाईच्या हातचा डाग दोष ठरतो आणि वाऱ्याने आणलेली राख मात्र बिनबोभाट घरची होऊन बसते. 'मळ दिसणार नाही' या वाक्याचा कोराडीतला अर्थ हा असा आहे.

म्हणून आमचा कौल गेरूच्या, विटकरी-तपकिरी रंगाला. त्यावर हळद-तिखट मुरून जाते, आणि तसे मुरणे हा गुन्हा नाही, ते स्वयंपाकघर आहे. पण फिकट करडी धूळ त्यावर रेघेसारखी उमटते. आपला डाग पोटात घ्यावा आणि परका उघडा पाडावा, एवढी साधी नीती त्यात आहे. खोली अंधारेल ही भीती निराधार आहे; उजेड टाइल्स परतवतात, तीन मिलिमीटरची दरज नव्हे. रंग बदलल्याने राख थांबणार काय, हा आक्षेप खरा आहे. थांबणार नाही. पुसण्याच्या फडक्यावर आलेली धूळ रस्त्याची की वीज केंद्राची, याचा निवाडाही ओट्यावर होणार नाही. पण ती आहे, हे तिथेच कळते. जे दिसत नाही त्याबद्दल अर्ज लिहिला जात नाही, ग्रामसभेत तोंड उघडले जात नाही.

राहिला व्यवहार. रंगाआधी द्रव्य ठरवावे. सच्छिद्रता रंगाने कमी होत नाही. गडद दरजही तेल पितेच, फक्त सांगत नाही. ऐपत असल्यास निदान शेगडीमागे तरी इपॉक्सीची दरज भरावी, ती तेल पीत नाही. सिमेंटचीच भरायची असेल तर दोन उरलेल्या टाइल्समध्ये नमुना भरून तो पूर्ण वाळू द्यावा, कारण ओला रंग वाळल्यावर फिका होतो. त्यावर हळदीचे तेल टाकून दुसऱ्या दिवशी साबणाने धुवावे आणि दिवसाच्या व ट्यूबलाइटच्या अशा दोन्ही उजेडांत पाहावे. मग जी व्यक्ती ती भिंत रोज पुसणार आहे, तिने बोट ठेवलेला रंग भरावा. तिने राखाडीवरच बोट ठेवले तर तोही तिचा अधिकार आहे. इतरांनी मात्र त्या रंगाला स्वच्छ म्हणू नये, त्याच्या नावाने हाक मारावी.