पत्त्यांना आठवण नसते

होस्टेलमध्ये दोन प्रकारच्या रात्री जागवल्या जातात. एक सबमिशनची, दुसरी तीन पत्तीची. पहिलीत निदान मार्क तरी पदरात पडतात!

मागच्या टर्मला धडगावकडच्या एका मित्राने मेसचे दोन हजार एका बैठकीत घालवले. आईवडील ऊसतोडीला गेलेले, मागणार कोणाकडे? पुढचा महिना तो आमच्याच ताटात जेवला. "इतक्या वेळ नाही लागली, आता ट्रेल येणारच यार!" हे त्याचे शेवटपर्यंतचे गणित.

आता खरे गणित बघू. 52 पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 प्रकारे येऊ शकतात. ट्रेलसाठी पहिला पत्ता कोणताही चालेल. दुसरा तसाच यायची शक्यता 51 पैकी 3, तिसऱ्याची 50 पैकी 2. गुणाकार करा, 425 डावांत सरासरी एक ट्रेल! उलट 16,440 हात असे, की ज्यांत साधी जोडीही नाही, कलर नाही, सिक्वेन्स नाही. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन हात फुसकेच.

आणि पत्ते नीट पिसले की मागचे सगळे पुसले. शंभर डाव ट्रेल आली नाही, तरी एकशे एकाव्या डावाला शक्यता तीच, 425 त एक. पत्त्यांना तुमची कीव येत नाही.

काही जण म्हणतील, ब्लफ मारायला डोके लागते. मान्य. पण सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले, तेव्हा तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचाच धरला होता.

बरं, नशीब दोघांचे सारखे धरू. तुमच्याकडे 2,000, समोरच्याकडे 8,000. सारख्या रकमेचे डाव लावत एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळलात, तर तुम्ही बुडण्याची शक्यता पाचात चार! खेळ कितीही सरळ असो, आधी बुडतो तो कमी पैसेवाला. आणि आपल्या जिल्ह्यातून इथे येणारी बहुतेक पोरं कमी पैसेवालीच.

रेक्टर सर कॅट जप्त करतात, दुसऱ्या दिवशी नवीन येतो. त्यापेक्षा गणिताच्या सरांनी एकदा तोच कॅट वर्गात आणून पिसावा. आणि आपण? खुशाल खेळू, पण मेंढीकोट. हरलो तर कोट चढेल, जेवण तर नाही ना बुडणार!