सस कॉर्ड रडवण्यासाठी नाही



गिटार शिकणाऱ्या आपल्या मुलांना सस कॉर्ड फार लवकर आवडते. आवडू द्या. पण प्रार्थनेत लोकांना रडवण्यासाठी ती वापरायला शिकवू नका, एवढेच मला स्पष्टपणे सांगायचे आहे.

पेटी वाजवणाऱ्यांना समजेल असे सांगतो. डी मेजर म्हणजे डी हा सा धरून सा-ग-प. त्यातला ग काढून म घातला की सस-फोर, रे घातला की सस-टू. डी धरून पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळी ठेवली की म येतो. त्या तारेवरची बोटे उचलली की रे. ग नसल्यामुळे कॉर्ड धड आनंदी नाही, धड उदास नाही. कान वाट पाहत राहतो आणि ग परतला की जीव भांड्यात पडतो.

हे फिल्मी खूळ म्हणून बंदी घालणारे वडीलही चुकतात. आधीच्या कॉर्डमधला सूर धरून ठेवायचा, तो बोचू द्यायचा, मग एक पायरी खाली उतरवायचा, ही रीत १६व्या शतकातल्या पॅलेस्त्रीनाच्या चर्चसंगीतात सर्रास आहे. पण तिथे तो सूर उतरतो!

आपल्याकडे आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू झाली की मागे सस-टू सुरू होते आणि शेवटपर्यंत सुटतच नाही. लोकांचे डोळे भरतात. आपण म्हणतो, पवित्र आत्म्याने स्पर्श केला. कोणी म्हणेल, संगीताने मने तयार होतात, त्यात वाईट काय? मने तयार करणे वेगळे आणि बोटांची करामत देवाच्या नावावर खपवणे वेगळे. नोकरी गेलेला माणूस घरी जातो तेव्हा सोबत गिटार नसते. मग त्याला वाटते, देवच निघून गेला.

वाट पाहणे शास्त्रातही आहे. स्तोत्र १३ पुन्हा पुन्हा विचारते, अजून किती काळ? आणि भरवशापाशी पोहोचते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. पण ती हाक देवाला आहे, श्रोत्यांना हेलावण्यासाठी नाही.

म्हणून गायनवृंदात दोन नियम करू या. गीतात सस वाजवली तर ती त्याच ओळीत सोडवायची. आणि कोणी प्रार्थना करत असेल तेव्हा तारांवर तळहात ठेवून गप्प राहायचे. येत्या रविवारी करून पाहा. शांततेची अडचण देवाला होत नाही, आपल्याला होते.